एमएच गाडी, केए गाव: नंबर आणि दंडाचा हिशेब

गणपतीत संकेश्वरात फेरी मारली की एमएच-१२, एमएच-१४ च्या गाड्या दारोदारी दिसतात. सण संपला की बहुतेक पुण्याला परत जातात, काही मात्र इथेच राहतात. मुलगा परदेशी गेला, गाडी वडिलांकडे ठेवली. प्रश्न या गाड्यांचा आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. गडहिंग्लजचा बाजार, कोल्हापूरचा दवाखाना अशा ये-जा करण्याला त्याची आडकाठी नाही. कर्नाटकाने २०१४ मध्ये ३० दिवसांनंतर आजीवन कर लावणारी दुरुस्ती केली होती. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, पण त्या ३० दिवसांची धास्ती गावात अजून आहे. गाडी कधी आली हे दाखवायला फास्टॅगचे स्टेटमेंट जपून ठेवावे.

नंबर बदलायचा तर मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८ लागतो. गाडीवर बोजा असेल तर बँकेची संमतीही. इथे बँकेतला अनुभव सांगतो: कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरला असे नव्हे. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्यावरच आरसीवरचे बँकेचे नाव निघते. कितीतरी लोक ते कागद कपाटात ठेवून निर्धास्त असतात. पुढे इथला कर आधी भरायचा आणि महाराष्ट्रातला उरलेला परत मागायचा. त्याला चिकाटी हवी!

वेगाचा दंड याहून त्रासाचा. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि चलन मालकाच्या मोबाईलवर जाते. मालक दुबईत, त्याचे भारतातले सिम बंद, स्टिअरिंगवर वडील. कुणालाच पत्ता नाही. पुढे ना-हरकत पत्र मागायला गेले की थकलेली चलने समोर येतात.

दरही सारखे नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राचा वाढीव दंड लागू झाल्यावर कर्नाटकाने त्याच महिन्यात कपात करून मोटारीला १,००० रुपये ठेवले. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये २,००० लावले. हायवे एकच, पण कागलकडे दुप्पट आणि कोगनोळी ओलांडली की निम्मा. दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे, आणि सत्तरीतल्या माणसाला ते दंडापेक्षा जड जाईल.

माझ्या मते मुलगा लवकर परतणार नसेल तर गाडी वडिलांच्या नावावर करावी आणि विमा १४ दिवसांत बदलून घ्यावा. हे राहिले तर अपघातात आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. तोवर निदान परिवहन पोर्टलवर गाडीला चालू मोबाईल नंबर जोडावा आणि महिन्यातून एकदा चलन तपासावे. ज्येष्ठांना हे जमत नसेल तर नातवंडांना सांगावे, पाच मिनिटांचे काम आहे.