वाहन-विवेक : आधी निदान, मग खर्च

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. त्या पिढीच्या मोटारींत गिअर बदलणे चालकाच्या हाती असे. आज अनेक व्यापारी घरांत स्वयंचलित गिअरची मोटार आली आहे. गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे थांबत-सरकत जाताना ती झटके देऊ लागली, की ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल पटकन दिला जातो आणि मोठा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. जैन तत्त्वज्ञान चारित्र्याआधी सम्यक् दर्शन आणि सम्यक् ज्ञान सांगते. दुरुस्तीलाही हाच क्रम लागू पडतो.

प्रथम लक्षण नेमके पाहावे. ‘डी’ किंवा ‘आर’ लावल्यावर मोटार उशिरा हलते का? इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नाही का? झटका थंड असताना बसतो की तापल्यावर? हे टिपून कारागिरास सांगावे.

नंतर गिअरबॉक्सचा प्रकार जाणावा. टॉर्क कन्व्हर्टर व सीव्हीटी तेलाच्या दाबावर चालतात; तेल कमी झाले किंवा जळाले, तर गिअर घसरतो. काळपट रंग व जळका वास झिजेची खूण होय. तेलात धातूचा चुरा दिसला, तर मात्र गिअरबॉक्स खोलण्याची वेळ आली असे समजावे. एएमटी हा मुळात साधाच गिअरबॉक्स. त्यात क्लच व गिअरचे काम यंत्रणा करते. त्यामुळे गिअर बदलताना येणारा हलका झोका हा दोष नव्हे. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर मोटार रोखून धरण्याच्या सवयीने मात्र त्याचा क्लच झिजतो.

शेवटी स्कॅनर लावावा. ‘पी०७००’ हा संकेत गिअरबॉक्सच्या संगणकाने दोष नोंदवला आहे, एवढेच सांगतो. त्यामागचा नेमका संकेत वाचल्याखेरीज निदान पुरे होत नाही. अशक्त बॅटरी किंवा इंजिनातील खराब स्पार्क प्लग यांमुळेही गिअरबॉक्सवर नाहक आळ येतो. हत्तीच्या एकाच अवयवावरून हत्ती ठरवण्याची चूक येथेही घडते. म्हणून स्कॅनरचा लेखी अहवाल पाहिल्यावाचून खर्चाला संमती देऊ नये.

तेल बदलले, तर जुने तेल जमिनीवर किंवा गटारात ओतू देऊ नये. त्याने माती व पाणी नासते आणि त्यांतील असंख्य सूक्ष्म जीवांची हिंसा होते. ते अधिकृत संकलकाकडेच जावे, एवढी चौकशी मालकाने अवश्य करावी.