तारखा आधीच ठरल्या आहेत

जानेवारीचा अंक हाती पडेपर्यंत २०२६ची बरीच भाकिते तुमच्या वाचनात आली असतील. कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाच्या नोकऱ्या घेणार, कोणती कंपनी वर जाणार, फुगा कधी फुटणार, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण सर्व्हर, नेटवर्क आणि ग्राहकांची यंत्रणा सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला येणाऱ्या मोठ्या कामांसाठी भाकिताची गरज नाही. त्यांच्या तारखा जाहीर झालेल्या आहेत आणि फार थोड्यांनी त्या उतरवून घेतल्या आहेत.

पहिली तारीख १५ मार्च. वेबसाइटचे टीएलएस सर्टिफिकेट आजवर जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे मिळत असे. त्या दिवसापासून ते २०० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचे मिळणार नाही. १५ मार्च २०२७पासून ही मर्यादा १०० दिवसांवर आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवसांवर येईल. सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५मध्येच हा ठराव मंजूर केला. कारण रास्त आहे. सर्टिफिकेटची गुप्त किल्ली चोरीला गेली, तर मुदत जितकी कमी तितका गैरवापराचा काळ कमी.

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या पतसंस्थेत हे काम कसे चालते ते आपल्याला ठाऊक आहे. मुदत संपत आली की मेल येतो. कोणीतरी सर्व्हरवर सीएसआर तयार करतो, पैसे भरतो, डोमेन आपलेच असल्याचे सिद्ध करतो, आलेली फाइल चढवतो आणि सर्व्हिस रीस्टार्ट करतो. तो मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर जात असेल, तर एके दिवशी सकाळी संस्था उघडताच खातेदारांच्या मोबाइलवर ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ झळकते आणि फोन सुरू होतात. पन्नास वेबसाइट सांभाळणाऱ्या छोट्या फर्मला आज वर्षाला अशी पन्नास कामे करावी लागतात. ४७ दिवसांच्या हिशेबाने ती चारशेच्या घरात जातील. हे हाताने निभणार नाही. लेट्स एन्क्रिप्ट आणि एसीएमई प्रोटोकॉलमुळे साध्या वेब सर्व्हरवर ते आपोआप होते. खरी अडचण जुने फायरवॉल, लोड बॅलन्सर आणि मेल सर्व्हर यांची आहे, कारण तिथे फाइल अजून हातानेच चढवावी लागते. सुरुवात तिथूनच करा. १४ मार्चच्या आत जुन्या मुदतीचे सर्टिफिकेट घेऊन वेळ मारून नेता येईल, पण ते एप्रिल २०२७मध्ये संपेल तेव्हा समोर १०० दिवसांचा नियम उभा असेल.

पुढच्या तारखा थोडक्यात. २०११मध्ये दिलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिक्युअर बूट सर्टिफिकेटांची मुदत जूनपासून संपू लागेल. संगणक त्या दिवशी बंद पडणार नाहीत, पण नवी सर्टिफिकेट नसलेल्या यंत्रांना बूटप्रक्रियेचे सुरक्षा अपडेट पुढे मिळणार नाहीत. १४ जुलैला एसक्यूएल सर्व्हर २०१६चा सपोर्ट संपतो. विंडोज १०च्या घरगुती वापरकर्त्यांना मिळालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबरला संपते.

कायद्याची तारीख थोडी लांब आहे, म्हणून जास्त फसवी आहे. ती आहे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होतील. तयारीसाठी पूर्ण वर्ष मिळते ते हे एकच. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. दवाखान्यातल्या पेशंटची किंवा क्लासमधल्या मुलांची माहिती कोणत्या एक्सेल शीटमध्ये, कोणाच्या व्हॉट्सॲपवर आणि कोणत्या बॅकअपमध्ये पडली आहे, याची यादी आत्तापासून करायला हवी.

यंत्रसामग्रीबाबत एक अंदाज मात्र आम्ही करतो: रॅम यंदा महागच राहील. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतांश डीरॅम बनवतात आणि त्यांची क्षमता एआय सर्व्हरच्या एचबीएम मेमरीकडे वळते आहे. मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. गेल्या वर्षीच्या दराने कोटेशन देऊ नका आणि त्याची मुदत थोड्या दिवसांचीच ठेवा.

एआयबद्दल आमचे मत एवढेच. ही साधने वापरा, शिका. त्यांच्यामुळे कोड भराभर तयार होईल; तो तपासण्याचे, अपडेट ठेवण्याचे आणि बिघडल्यावर रात्री उठून दुरुस्त करण्याचे काम त्याच प्रमाणात वाढेल. ते करणारी माणसे आपणच आहोत.

अडचण पैशाची आहे. ग्राहक नव्या ॲपसाठी लाखो रुपये मोजतो आणि देखभालीच्या दरावर घासाघीस करतो. आपणही काम हातचे जाईल या भीतीने एएमसीच्या करारात ‘सर्व सपोर्ट’ असे मोघम लिहून देतो. मग सर्टिफिकेट, बॅकअपची चाचणी, मुदत संपलेली सॉफ्टवेअर ही कामे कोणाच्याच नावावर राहत नाहीत आणि त्यांचे पैसेही मिळत नाहीत. बरेच करार १ एप्रिलला नव्याने होतात. १५ मार्च त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी येतो. यंदा करारात ही कामे एकेक करून लिहा. प्रत्येकापुढे तारीख, जबाबदार व्यक्ती आणि दर टाका. ग्राहकाने दर कमी करायला सांगितले, तर यादीतले कोणते काम वगळायचे ते त्यालाच ठरवू द्या आणि त्यावर त्याची सही घ्या.