तेंदूच्या फळीवरचे अर्थशास्त्र

दरवर्षी मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात गडचिरोली जिल्ह्यातील गावागावांत तेंदूपत्त्याच्या फळ्या लागतात. पहाटे जंगलात गेलेली कुटुंबे पाने तोडून आणतात, घरच्या सावलीत बसून त्यांचे पुडे बांधतात आणि दिवस कलताना फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, ते मोजून देतात. ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाणित गोणी. म्हणजे एका गोणीत ७० हजार पाने. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीलाही हे गणित तोंडपाठ असते. परंतु गोणीचा दर कसा ठरला, त्यात मजुरी किती व स्वामित्वधन किती, लिलावाला किती व्यापारी आले होते, हे प्रश्न विचारावेत तर पदवीला अर्थशास्त्र घेतलेल्या तिच्या नातीलाही उत्तर देता येईलच, असे नाही. नातीच्या पुस्तकात मागणी व पुरवठ्याचे वक्र आहेत. आजीची फळी त्यात नाही.

गडचिरोली येथे २७ सप्टेंबर २०११ रोजी गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून त्यांना स्वतःचे विद्यापीठ देण्यात आले. वनवासीबहुल भागातील विद्यार्थ्यांची सोय हा त्यामागील हेतू रास्तच होता. परंतु विद्यापीठाचे प्रयोजन सोयीपुरते असते काय? विभाजनातून जन्मलेले कोणतेही विद्यापीठ साहजिकच मातृविद्यापीठाचा अभ्यासक्रम घेऊन वाटचाल सुरू करते. प्रश्न त्यानंतरचा आहे. नागपुरात किंवा मुंबईत जे अर्थशास्त्र शिकवले जाते, त्याचीच एक प्रत गडचिरोलीत उघडायची असेल, तर नव्या विद्यापीठाने परीक्षा केंद्रे वाढवली, एवढेच म्हणावे लागेल.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी हे दोन जिल्हे म्हणजे खुली प्रयोगशाळा आहे. चंद्रपूरला कोळसा, सिमेंट आणि औष्णिक वीज. बल्लारपूरला बांबूवर उभी राहिलेली कागद गिरणी. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज. धानाची खाचरे आणि त्यांना पाणी पुरवणारे माजी मालगुजारी तलाव. आणि या सर्वांना वेढून असलेले जंगल. एवढी संपत्ती ज्या भूमीत आहे, त्याच भूमीतील माणूस दरिद्री का? या एका प्रश्नाभोवती पदव्युत्तर वर्गाची दोन्ही वर्षे गुंफता येतील.

शिवाय येथे नवी अर्थरचनाही घडते आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावरील हक्क ग्रामसभांकडे आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्याशा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. मेंढ्याने हे सारे एका दिवसात मिळवले नाही. गावात अभ्यासगट होता. कायदा, नियम व हिशेब यांवर वर्षानुवर्षे चर्चा होत असे. जे काम विद्यापीठाचे, ते गावाने स्वतःच्या बळावर केले.

मात्र प्रत्येक गावाला हे साधत नाही. हक्क आला, पण निविदा कशी काढावी, करारात कोणत्या अटी घालाव्यात, ठेकेदाराने हप्ता थकवला तर काय करावे, ग्रामकोषाचे लेखे कसे ठेवावेत, हे शिकवणारा कोणी नसेल, तर ग्रामसभा पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारी जाते. पूर्वी अधिकाऱ्याच्या सहीने जे होत असे, ते आता ग्रामसभेच्या ठरावाने होईल, इतकाच फरक. लिलावाच्या मेजावर व्यापाऱ्याच्या बाजूला जाणकार मुनीम बसलेला असतो. गावाच्या बाजूला कोण बसणार? या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी गोंडवानाच्या अर्थशास्त्र शिक्षणाची आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. विद्यार्थ्यांना नेट-सेट द्यायची असते, स्पर्धा परीक्षांत देशभरच्या मुलांशी झुंजायचे असते. त्यांना तेंदू आणि मोह शिकवत बसलात तर ती मागे पडतील. आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यात एक गैरसमज आहे. सिद्धान्त वगळा, असे कोणीच म्हणत नाही. एकच खरेदीदार असलेल्या बाजारात विक्रेत्याची कोंडी कशी होते, हे फळीवर जितके स्पष्ट दिसते तितके फळ्यावर दिसत नाही. मोहफुले हंगामात स्वस्त विकून पुढे तीच महाग का घ्यावी लागतात, हे ज्याने स्वतःच्या घरात मोजले, त्याला साठवणूक, पतपुरवठा आणि किंमत यांचे नाते परीक्षेपुरते पाठ करावे लागत नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभवही आहे. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी कामाला कोठून आरंभ केला? संस्थेच्या अगदी प्रारंभीच्या प्रकाशनांत पुण्यातील फळबाजाराचे सर्वेक्षण आहे. पुढे त्यांनी पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी केली. केंब्रिजमध्ये शिकलेल्या या विद्वानाला मंडईतील आडत मोजण्यात कमीपणा वाटला नाही. तेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९६९ साली केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या योजना साहाय्याचे सूत्रही त्यांच्याच नावाने ओळखले गेले. मंडईपासून सुरू झालेली वाट दिल्लीपर्यंत पोहोचली, ती अशी.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने क्षेत्रीय प्रकल्प आणि भारतीय ज्ञान परंपरा या दोहोंना श्रेयांक दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्यांचा उपचार होऊ देता कामा नये. कौटिल्याच्या प्रतिमेला हार घालून आणि जुन्या प्रकल्पाची नक्कल जोडून श्रेयांक मिळू लागले, तर परंपरेचाच अवमान होईल. कौटिल्याने वनोपजाची व्यवस्था पाहण्यासाठी कुप्याध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आणि लाकूड, वेळू, वेली, तंतू यांची वर्गवार नोंद केली. अर्थशास्त्राचा तो आचार्य जंगलाचा हिशेब ठेवत होता. त्याच्या वारसांनी किमान एका ग्रामसभेचा हिशेब तरी लिहून पाहावा.

मागणी फार मोठी नाही. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक हंगाम एका ग्रामसभेबरोबर काढावा. तेथील जमाखर्च, लिलाव व मजुरीवाटप यांची नोंद करावी. ती मराठीत, शक्य तेथे गोंडीत, ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी आणि गावाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. त्या उत्तरांवरही गुण असावेत. प्राध्यापकांनी या नोंदी वर्षानुवर्षे जपल्या, तर दहा वर्षांत वनाधारित अर्थव्यवस्थेची अशी माहिती जमा होईल की, ती पाहण्यासाठी बाहेरच्या अभ्यासकांना गडचिरोलीला यावे लागेल. आणि पुढच्या एखाद्या मे महिन्यात फळीवर आजी पुडे मोजत असताना दराचा हिशेब तिची नातच व्यापाऱ्याला विचारील.