विद्यापीठाचा सेवक नगरसेवक का नको?

विद्यापीठातील प्राध्यापकाने वा कारकुनाने नगरपालिकेची निवडणूक लढवावी काय, असा प्रश्न निघाला की ठरीव उत्तर येते : सार्वजनिक पैशातून वेतन घेणाऱ्याने राजकारणापासून दूर राहावे. उत्तर मोठे सात्त्विक आहे. परंतु 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 159 व्या कलमात, ज्यांचे कर्मचारी निवडणुकीच्या कामासाठी मागविता येतात त्या संस्थांत विद्यापीठांचाही समावेश आहे. मतदानकेंद्र सांभाळायला हा सेवक चालतो. मते मागायला मात्र चालत नाही!

या बंदीचा साचा शासकीय आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 शासकीय कर्मचाऱ्यास स्थानिक संस्थांची निवडणूक लढविण्यास मनाई करतात. तहसीलदाराच्या वा फौजदाराच्या बाबतीत त्यात अर्थ आहे, कारण त्यांच्या हाती राज्याची दंडशक्ती असते. विद्यापीठाचा ग्रंथपाल कोणाचा सातबारा अडवून ठेवीत नाही. स्वायत्ततेचे गोडवे गायचे आणि सेवाशर्ती लिहिताना मंत्रालयाचा कित्ता गिरवायचा, हे ढोंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांतील आचारसंहिता तर शिक्षकाने सार्वजनिक पदांची जबाबदारी पत्करावी असेच सांगते. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाच्या सात जागा आहेत. तेथे शिक्षकांचा आवाज हवा आणि गावच्या नळाच्या प्रश्नावर नको?

खरा प्रश्न, या बंदीमुळे मैदान कोणासाठी मोकळे होते हा आहे. तालुक्याच्या गावी साखर कारखान्याचा अध्यक्ष अनेकदा शिक्षणसंस्थेचाही अध्यक्ष असतो. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने संस्थाचालकांना अधिसभेतही जागा दिल्या आहेत. असा गृहस्थ नगराध्यक्ष झाला तर विद्येचे पावित्र्य भंगत नाही. त्याच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायक उभा राहिला की भंगते. 1993 मध्ये अमलात आलेल्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने दलित, आदिवासी आणि स्त्रियांसाठी जागा राखल्या. ज्या वस्तीत जमीन नाही, दुकान नाही, तेथील पहिली शिकलेली पिढी नोकरीतच जाते. तिलाच उमेदवारी नाकारली की राखीव जागेवर पुष्कळदा पुढाऱ्याच्या पदरचे माणूस उभे केले जाते. सही त्याची, ठराव पुढाऱ्याचा. त्या माणसात धमक नसते असे नव्हे. पण चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटत असेल तर सभागृहात विरोधी हात वर करणे महाग पडते. दरमहा निश्चित वेतन घेणारा सेवक तो हात वर करू शकतो. धनदांडग्यांना नेमकी त्याचीच धास्ती आहे.

तास बुडतील, गुणांच्या धाकाने विद्यार्थी प्रचाराला जुंपले जातील, हा आक्षेप मात्र चळवळीतील मंडळींनी झटकून टाकू नये. कुलगुरू, कुलसचिव आणि परीक्षा विभागाचे प्रमुख यांना ही मुभा नसावी. सदस्याला सभेच्या दिवसापुरतीच सवलत मिळावी. महापौर वा जिल्हा परिषदेचा अध्यक्ष होणाऱ्याने बिनपगारी रजा घ्यावी, त्याची सेवाज्येष्ठता अबाधित राहावी. विद्यापीठाच्या जमिनीचा वा मालमत्ताकराचा विषय आला की त्याने सभागृहाबाहेर जावे. आणि प्राध्यापकाला परवानगी, शिपायाला मनाई अशी नवी वर्णव्यवस्था तर मुळीच नको.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथील सारी सत्ता प्रशासक म्हणून नेमलेल्या शासकीय अधिकाऱ्याच्या हाती राहिली. नोकरदाराने स्थानिक सत्तेत येऊ नये म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या काळात तोंड उघडले?