परिषदेचं बोलावणं, पण कुणाला?

गेल्या वर्षी घेवड्याच्या काढणीच्या दिवसांतली गोष्ट. कोरेगावजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक आटोपली आणि गटातल्या एका वहिनींनी मला मागं थांबवून घेतलं. त्यांची मुलगी कॉलेजात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात 'पायथन' नावाच्या संगणकाच्या भाषेवर परिषद भरणार होती आणि तिला जायचं होतं. "तिच्या बाबांशी तुम्हीच बोला ताई, माझं ऐकत न्हाईत," वहिनी म्हणाल्या.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही चौघं सोप्यात बसलो आणि मुलीनं मोबाइलवर परिषदेची वेबसाइट उघडली. उघडायलाच पाच मिनिटं गेली, कारण सुरुवातीलाच एक मोठी चित्रफीत होती आणि गावात रेंज जेमतेम. मग दिसले वक्त्यांचे फोटो. अकरा पुरुष, एक बाई. त्याखाली पैसे देणाऱ्या कंपन्यांची बोधचिन्हं, मग टी-शर्टाची मापं, मग शेवटच्या रात्रीच्या पार्टीची जाहिरात आणि हातात ग्लास घेतलेल्या हसऱ्या तरुणांचा फोटो. वडिलांनी सगळं शांतपणे बघितलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण फोटो कळतात. ते म्हणाले, "म्याडम, ह्यात सगळं हाय. पर पोरगी राती ऱ्हाणार कुठं, आन् काय झालं तर इचारायचं कुणाला, ते कुठं हाय?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आपल्या कामात अशा बापांचा राग यायची सवय असते. पण प्रश्न चोख होता आणि मला उत्तर सापडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना ईमेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं, आणि ते अतिशय सौजन्याचं होतं. विद्यार्थ्यांना प्रवासखर्च आणि राहण्याची मदत आहे. तक्रार ऐकण्यासाठी दोन माणसं नेमली आहेत, त्यांत एक बाई आहे. पार्टीला जाणं सक्तीचं नाही. म्हणजे सगळी तजवीज होती! ती लिहिलेली होती वेबसाइटच्या अगदी तळाशी, फिकट राखाडी बारीक अक्षरांत, दोन दुव्यांच्या आड. पण मदतीसाठी अर्ज करायची मुदत तोवर संपली होती.

मुलगी गेली नाही. त्याच कॉलेजात शिकणारा तिचा चुलत भाऊ मात्र गेला. मित्राच्या खोलीवर झोपला, दोन दिवस भाषणं ऐकली, एका कंपनीतल्या माणसाशी ओळख झाली आणि दिवाळीनंतर त्याला तिथं तीन महिने शिकाऊ म्हणून घेतलं. मार्क दोघांपैकी तिलाच जास्त आहेत.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी आमच्या जिल्ह्याच्या बैठकीत सांगितली तेव्हा एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं, "हे आपलं काम आहे का गं? संगणकवाल्यांच्या परिषदांच्या जाहिराती कशा असाव्यात हे त्यांचं त्यांनी बघावं. आपल्यापुढं हुंडा आहे, मारहाण आहे, ऊसतोडणीच्या बाया आहेत." मी तिथं नीट उत्तर देऊ शकले नाही, म्हणून हा लेख.

ही परिषद म्हणजे काय प्रकार असतो तो आधी सांगते, कारण मलाही तो नव्यानंच कळला. संगणकाला काम सांगायच्या भाषा असतात. पायथन ही त्यांपैकी एक. खिदो व्हान रॉसम या डच माणसानं ती तयार केली आणि १९९१ साली ती लोकांपुढं ठेवली. नाव सापावरून नाही, एका ब्रिटिश विनोदी मंडळीवरून आहे (बोधचिन्हात मात्र दोन साप आहेतच). ही भाषा फुकट आहे, तिची मालकी एका कंपनीकडं नाही. जगभरची माणसं ती वापरतात, सुधारतात, आणि वर्षातून एकदा जमतात. भारतात 'पायकॉन इंडिया' २००९ पासून भरते, पहिली बंगलोरला झाली. २०११ ची पुण्यात झाली. पुढं फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्यातल्याच मंडळींनी 'पायकॉन पुणे' ही वेगळी परिषद चार दिवस भरवली. 'रुबी' म्हणून दुसरी भाषा आहे, तिचीही अखिल भारतीय परिषद २०१२ आणि २०१३ साली पुण्यात झाली, नंतर दोन वर्षं गोव्यात.

यात महत्त्वाचं हे, की या परिषदा बहुतेक स्वयंसेवक भरवतात. वर्गणी, सतरंज्या, पत्रकं, जेवणाचा हिशेब, अशी आपल्याला चांगली ठाऊक असलेली धावपळ तेही करतात, फक्त सतरंज्यांच्या जागी वातानुकूलित सभागृह असतं. आणि भाषणांइतकंच महत्त्व मधल्या चहाला असतं. नोकऱ्यांची बोलणी, ओळखी, "ये आमच्याकडं काम करायला" हे सगळं तिथं होतं. ज्या मुलीचे आईवडील, काका, मामा यांपैकी कुणी या धंद्यात नाही, तिच्यासाठी त्या रांगेत उभं राहणं म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. साताऱ्याच्या मुलाचा मित्र पुण्यात खोली करून राहतो, म्हणून मुलाची सोय होते. मुलीला अशी खोली नसते. मग आमच्या जुन्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की हे काम मिळण्याचं दार आहे, आणि कामाच्या दारात बाईला कसं उभं केलं जातं हा प्रश्न आपलाच होता आणि आहे.

मजा अशी की या धंद्यात बायका पहिल्यापासून होत्या. अमेरिकेत १९४६ साली जगापुढं आलेल्या 'एनियाक' या अवाढव्य यंत्राला काम समजावून देणाऱ्या सहाजणी होत्या. त्या काळी ते काम कारकुनी समजत, म्हणून बायकांना दिलं. पुढं त्याला पैसा आणि मान मिळू लागला तेव्हा बायका मागं पडल्या. हा क्रम आपल्या वाचकांना नवा वाटणार नाही.

वेबसाइट ही परिषदेची पाटी असते. पाटी कुणासाठी लिहिलेली आहे ते ती कशी लिहिली आहे त्यावरून कळतं. जी वेबसाइट वक्त्यांचे मोठेपण पहिल्यांदा सांगते, ती आधीच आत असलेल्यांशी बोलते, कारण ती नावं त्यांनाच माहीत असतात. बाहेरून येणारीला नावांशी काय देणंघेणं? तिला हवं असतं की कार्यक्रम किती वाजता सुटतो, स्वारगेटला परत यायला बस आहे का, लॅपटॉप नसला तर चालेल का, बरोबर आई आली तर तिला बसू देतील का, लहान मूल असेल तर काय. एसटीत आता बाईला तिकीट अर्धं आहे, मार्च २०२३ पासून. कोरेगावला रेल्वे स्टेशनही आहे. पोचता येतं. मुक्कामावर घोडं अडतं. पण वेबसाइट काढणाऱ्या मुलांच्या डोक्यात मुक्कामाचा प्रश्नच येत नाही, कारण तो त्यांना कधी पडलेला नसतो. यात दुष्टावा नाही. म्हणूनच तो सांगून सुटण्यासारखा आहे.

भाषेचंही तसंच. सगळी जाहिरात इंग्रजीत. मुलीला इंग्रजी वाचता येतं, पण परवानगी देणाऱ्यांना येत नाही, याचा विचार नाही. एक पान मराठीत लिहायला किती वेळ लागतो? आणि व्हॉट्सअपवर फिरवायची पत्रकं निव्वळ चित्राच्या रूपात असतात, मग ती अंध मुलीच्या मोबाइलला वाचून दाखवता येत नाहीत. मजकूर शेजारी टाकला की प्रश्न मिटतो.

एक उलटी बाजूही सांगते. बाई नाही अशी टीका झाली की काही आयोजक घाईनं एका बाईचा फोटो पाटीवर आणतात. गेल्या वर्षी आलेल्या एखाद्या मुलीचा, तिला न विचारता. मग ती वर्षभर त्या पाटीवर हसत राहते आणि सभागृहात बायका तेवढ्याच. तोंडी लावण्यापुरतं हे चित्र आम्हाला नको. काही परिषदांत गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीचा रंग वेगळा ठेवतात, म्हणजे 'माझा फोटो काढू नका' हे न बोलता कळतं. ही युक्ती मला फार आवडली. आपल्या मोर्च्यांतही कधी कधी हवी होती.

ठरवलं तर काय होतं याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये २०११ साली भाषणांपैकी बायकांची भाषणं होती १ टक्का. २०१२ ला ७, २०१३ ला १५, २०१४ ला ३३, आणि २०१६ ला ४० टक्के. पाच वर्षांत मुली काही अचानक हुशार झाल्या नाहीत. आयोजकांनी एकेकीला स्वतः गाठून 'तू बोल' म्हणून सांगितलं, येण्यासाठी पैशाची मदत उभी केली, वागणुकीचे नियम लिहून काढले. 'पायलेडीज' हा बायकांचा गट २०११ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला, त्याची शाखा पुण्यातही निघाली. 'जँगो गर्ल्स' हा आणखी एक उपक्रम दोन पोलिश मुलींनी २०१४ मध्ये बर्लिनला सुरू केला. एका दिवसात मुलींना वेबसाइट तयार करायला शिकवतात, फी घेत नाहीत. आपल्याकडंही १९७५ च्या ऑक्टोबरात पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली तेव्हा शेतमजूर बायांपासून शिक्षिकांपर्यंत सगळ्या आल्या. त्या नुसतं पत्रक वाचून आलेल्या नसणार. कुणीतरी दारात जाऊन, सासूशी बोलून, मुक्कामाची हमी देऊन त्यांना आणलं असणार.

नियमांबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण इथं आपल्या गटांना बोलण्यासारखं आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नाही. कामानिमित्त बाई जिथं जाते ती जागाही त्यात येते. कंपनीनं परिषदेला पाठवलेल्या बाईला काही त्रास झाला तर ती आपल्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडं जाऊ शकते. पण स्वतःच्या पैशानं आलेली विद्यार्थिनी? स्वयंसेवकांनी भाड्याच्या सभागृहात भरवलेल्या परिषदेत तिनं कुणाचं दार ठोठवायचं? जिल्ह्यात स्थानिक समिती असते, पण परक्या शहरात दोन दिवसांसाठी आलेल्या मुलीला तिचा पत्ता कोण सांगणार? म्हणून परिषदेनं स्वतः केलेली आचारसंहिता आणि तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव, फोन, हे तिच्या हाती असलेलं पहिलं साधन असतं. पायथनच्या मूळ संस्थेनं तर २०१२ पासून ठरवलं आहे, की आचारसंहिता नसलेल्या परिषदेला पैसे द्यायचे नाहीत. इतकी चांगली गोष्ट करायची आणि ती पाटीच्या तळाशी लपवायची, हे मला कळत नाही. काही आयोजक म्हणतात, "वरती लिहिलं तर लोकांना वाटेल इथं असलं काही घडतं." घरातल्या मारहाणीबद्दल बोलायला लागलो तेव्हा आपल्यालाही हेच ऐकवलं होतं.

हे लिहिताना मी आमच्याच संघटनेचं गेल्या ८ मार्चचं पत्रक काढून बघितलं. वर पाहुण्यांची नावं, मधे घोषणा, खाली सहा संघटनांची यादी. पाळणाघराची सोय होती, त्याचा उल्लेख नाही. कार्यक्रम सुटायची वेळ नाही. एका बाईनं नंतर मला सांगितलंही होतं, "कवा सुटतंय ठाव नव्हतं म्हून आले न्हाई." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं.

यंदा आम्ही एवढं केलं. वहिनी, मुलगी, तिच्या कॉलेजातल्या आणखी चौघी आणि मी अशा बसलो आणि मराठीत एक पान लिहिलं. घरचे काय विचारतात ते सगळं, त्यांच्याच शब्दांत. वडिलांचा प्रश्न पहिला ठेवला. हे पान आयोजकांना पाठवलं आणि म्हटलं, उत्तरं भरा आणि हे वेबसाइटच्या पहिल्याच पानावर लावा, चित्रफितीच्या वर. त्यांच्यातल्या एका मुलानं फोन केला. तो कराडकडचा निघाला. म्हणाला, "ताई, खरं सांगू का, माझी बहीणसुद्धा कधी आलेली नाही, आणि का नाही ते मी विचारलं नव्हतं." मराठी पान ते लावणार आहेत. मुक्कामासाठी पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहाशी बोलणं आम्ही करायचं ठरलं आहे, आणि मदतीच्या अर्जाची मुदत त्यांनी दोन आठवड्यांनी पुढं ढकलली आहे. चित्रफीत मात्र काढायला ते तयार नाहीत, तिच्यावर फार मेहनत घेतली आहे म्हणे.

पुण्यातल्या ज्या गटांना चार-पाच मुलींची दोन रात्रींची सोय करता येईल त्यांनी संपादकांमार्फत कळवावं. वडील अजून हो म्हणालेले नाहीत. पान छापील हवं आहे त्यांना, मोबाइलवरचं नको.