लगामाचे दुसरे टोक



बाहेरगावच्या माणसासमोर चिमूरचे नाव काढले की त्याला १९४२ चा लढा आठवतो, नाहीतर ताडोब्याचा वाघ. आम्हा चिमूरकरांच्या मनात मात्र प्रथम घोडा येतो. माघ महिन्यात येथे श्रीहरी बालाजीची घोडायात्रा भरते आणि लाकडी घोड्यावर आरूढ झालेल्या बालाजीच्या दर्शनाला आसपासच्या गावांतून माणसांची रीघ लागते. लाकडी घोड्याचे एक बरे असते. त्याला लगाम टोचत नाही. जिवंत घोडा आमच्याकडे दिसतो तो वरातीत. झुली, गोंडे, डोळ्यांत जाणारा दिव्यांचा प्रकाश आणि कानाशी वाजणारा बँड. बँकेतील नोकरीच्या निमित्ताने मी बऱ्याच गावांचे पाणी प्यायलो, परंतु घोड्याविषयी याहून अधिक ज्ञान मला कधी झाले नाही.

म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्याहून नातीचा फोन आला तेव्हा मी मनातून नाराज झालो. ती बारा वर्षांची. म्हणाली, "आजोबा, मी घोडेस्वारी शिकायला लागले."

"त्या मुक्या जनावराने तुझे काय बिघडवले आहे?" मी विचारले. शुल्काचा आकडा ऐकल्यावर दुसराही एक आक्षेप सुचला, पण तो मी तिच्या वडिलांसाठी राखून ठेवला.

दिवाळीत पुण्याला गेलो, तेव्हा एका पहाटे ती मला बळेच तबेल्यावर घेऊन गेली. मी स्वारी पाहायला गेलो होतो. पहिला पाऊण तास स्वारी झालीच नाही. तिने एका वयस्क घोडीच्या अंगावर ब्रश फिरवला, चारी खूर एकेक करून उचलले आणि त्यांत रुतलेले खडे काढले. खोगिराखाली पाठ सोलवटली आहे काय, हे तळहाताने चाचपून पाहिले. मग खोगीर चढवून पोटपट्टा आवळला आणि पट्ट्याखाली बोटे घालून तो जादा तर आवळला नाही ना, याची खात्री केली. मला आमचे लेखापरीक्षक आठवले. तिजोरी उघडण्यापूर्वी तेही असेच दाराच्या बिजागऱ्यांपासून सुरुवात करीत.

पहिले दोन महिने तर तिच्या हाती लगामही दिला नव्हता म्हणे. घोडी लांब दोरीवर प्रशिक्षकाभोवती गोल फिरे आणि ही रिकिबीतून पाय काढून, हात पसरून नुसती बसे. दुडकी चालीत घोड्याची पाठ दर पावलाला उसळते. त्या ठेक्याशी आपले अंग जुळेपर्यंत लगाम हाती द्यायचा नाही, असा तेथील दंडक. कारण तोल गेलेला माणूस हाती येईल ते धरतो, आणि स्वाराच्या हाती असते ते घोड्याचे तोंड.

त्या दिवशी तिचे घोडे एकाच ठिकाणी अडले होते. घोडीला सरळ रेषेत आणून मध्यभागी चारी पायांवर शांत उभे करायचे, इतकेच काम. ती लगाम खेची, घोडी मान वर उडवी, मागचा भाग एका बाजूला फेकी आणि वाकडी थांबे. चार वेळा असे झाल्यावर प्रशिक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, जरा इकडे येता?"

त्यांनी भिंतीवरचा एक सुटा लगाम काढला. त्याची लोखंडी सळई, जुन्या मराठीत जिला कडियाळे म्हणत, माझ्या दोन्ही मुठींत दिली आणि मला डोळे मिटायला सांगितले. माझ्या पाठीमागे काही पावलांवर नात लगामाची टोके धरून उभी राहिली. "आता आजोबांना थांबव," ते म्हणाले. तिने घोडीला थांबवताना ओढी तसेच ओढले. लोखंड बोटांच्या सांध्यांत रुतले आणि माझे हात खांद्यापर्यंत मागे खेचले गेले. मी 'अगं' म्हणून ओरडलोच. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते, तेथे नुसत्या हिरड्या असतात. ही सळई त्या हिरड्यांवर आणि जिभेवर टेकलेली असते, हे मला नंतर कळले.

"पुन्हा," ते म्हणाले. "आता ओढू नकोस. पाठ ताठ कर आणि फक्त बोटे मिट." या वेळी मला जे जाणवले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. कोणी दाराशी येऊन उभे राहावे आणि न हाक मारता आपल्याला कळावे, तसे काहीसे. मी थांबलो. डोळे उघडून पाहतो तो नात रडत होती. "मी इतके दिवस तिला असं ओढत होते?" एवढेच ती म्हणाली.

या विद्येचे नाव ड्रेसाज. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ प्रशिक्षण, इतका साधा. शर्यतीत वेग मोजतात, उडीत उंची. येथे घोडा किती मोकळेपणाने, किती सरळ आणि किती थोड्या इशाऱ्यावर चालतो ते पाहतात. मोठ्या स्पर्धेचे रिंगण साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असते. त्याच्या कडेला इंग्रजी अक्षरे लावलेली असतात, पण ए, के, ई, एच अशा क्रमाने; खातेवहीच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला ते पाहूनच अस्वस्थ व्हावे. या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत दुडकी, येथे वर्तुळ, तेथे थांबणे, अशी कृतींची ठरलेली यादी असते. प्रत्येक कृतीला परीक्षक शून्य ते दहा गुण देतात आणि बेरीज टक्क्यांत मांडतात. स्वाराचे शौर्य दिसावे अशी येथे कोणाची अपेक्षा नसते. तो काहीच करीत नाही असे वाटले तर उत्तम.

ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार १९१२ पासून आहे. प्रारंभी तो लष्करी अधिकाऱ्यांपुरताच होता. १९५२ साली हेलसिंकी येथे महिलांना प्रथमच प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्यांखाली निकामी झाले होते. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. टाच मारणे ज्यांना शक्यच नव्हते, त्यांनी टाच मारू शकणाऱ्या बहुतेक सगळ्यांना मागे टाकले. ही हकीकत नातीने मला सांगितली आणि मग दोन दिवस पडताळून पाहून मी ती मान्य केली.

तिच्या खोलीत भिंतीवर चार भारतीय स्वारांचे चित्र आहे. २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. मुंबईचा हृदय विपुल छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, जयपूरची दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदिप्ती हजेला. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळाले ते १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी. चौघांपैकी उत्तम तिघांचे गुण धरतात. अनुष ७१.०८८, हृदय ६९.९४१, दिव्यकृती ६८.१७६, एकूण २०९.२०५. चीनचे २०४.८८२ आणि हाँगकाँगचे २०४.८५२. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांत अंतर ०.०३० चे. दिवसअखेरीस तेवढ्या फरकासाठी आम्ही रात्री दहापर्यंत शाखेत बसलेले आहोत, त्यामुळे हे आकडे मला लगेच पाठ झाले.

परंतु मला अधिक बोलायचे आहे ते दोन दिवसांनंतर झालेल्या वैयक्तिक अंतिम फेरीविषयी. त्या आधीच्या फेरीत हृदय ७३.८८३ गुणांसह सर्वांत पुढे होता. अंतिम फेरीत मात्र त्याच्या एमराल्ड या घोड्याच्या पुढच्या पायावर रक्त आढळले आणि तो बाद झाला. घोड्याच्या अंगावर ताजे रक्त दिसले की स्पर्धा तेथेच संपते, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जखम केवढी, ती कोणाच्या चुकीने झाली, स्वाराने काही केले होते की घोड्याचा स्वतःचाच खूर लागला, याची चर्चा तेथे करीत नाहीत. स्वाराने क्रूरता केली, असाही त्याचा अर्थ होत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत, पदकाची शक्यता हाताशी आलेली, आणि एवढ्याशा रक्ताने सगळे संपावे! अनुषने त्या फेरीत ७३.०३० गुणांसह कांस्य मिळवले, या प्रकारातील भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्याचा आनंद आहेच. तरीही सुवर्ण किंवा कांस्य यांच्यापेक्षा मला हा नियम मोठा वाटला. शंकेचा फायदा येथे माणसाला न देता घोड्याला दिला जातो.

याचा अर्थ या क्षेत्रात सारे आलबेल आहे असा मुळीच नाही. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकलेल्या ब्रिटनच्या शार्लट दुजार्दिन यांनी जुलै २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर, माघार घेतली. जुनी एक चित्रफीत बाहेर आली होती. शिष्या घोड्यावर बसलेली आहे आणि बाई जमिनीवर उभ्या राहून लांब चाबकाने घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा मारीत आहेत. त्यांना एक वर्षाची बंदी झाली. आपल्याकडे तर घोड्याला शिकवणाऱ्यास शब्दच 'चाबूकस्वार' असा आहे. आणि तरी सुमारे दोन हजार चारशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवरील ग्रंथात लिहून ठेवले की जबरदस्तीने करून घेतलेल्या गोष्टीत डौल नसतो. ठाऊक होते सर्वांना, तेव्हाही, आताही.

आपल्यापैकी अनेकांना अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लहानपणापासून पाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मीही ते म्हणत आलो, पण बैलगाड्या गेल्यापासून मला त्यांचा प्रत्यक्ष संबंध कोठे दिसत नव्हता. खोगिराखालची पाठ चाचपणाऱ्या त्या मुलीच्या हातात तो दिसला. घोड्यावर बसणे हाच मुळात बंध नव्हे काय, असा प्रश्न आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी मला विचारला आहे. माझ्यापाशी त्याचे पुरे उत्तर नाही. एवढेच सांगू शकतो, की हा प्रश्न मी जितका हलक्याने फोनवर विचारला होता, तितका हलका तो राहिलेला नाही, आणि नात तो रोज पहाटे सहा वाजता स्वतःला विचारते.

डिसेंबरात तिची पहिली परीक्षा झाली. गुणपत्रिकेचे छायाचित्र तिने मला पाठवले. पहिल्या थांबण्याला साडेचार गुण, शेरा 'वाकडी'. शेवटच्या थांबण्याला साडेसहा, शेरा 'हात शांत'. एकूण टक्केवारी साठच्याही खाली. मी शेवटची ओळ वाचून फोन ठेवला आणि पत्नीला म्हणालो, पेढे आणायला हवेत.

माघात पुतण्याचे लग्न होते. यात्रेचेच दिवस, गावात पाय ठेवायला जागा नाही. नात आली होती. वरातीचा घोडा अंगणात आला, तशी ती त्याच्याजवळ गेली, कपाळावर हात ठेवला, आणि थोड्या वेळाने मला बोलावून त्याच्या ओठाची कड हळूच वर केली. सळई नव्हती ती. आतल्या बाजूने टोके काढलेली पट्टी होती, आणि ओठाच्या कोपऱ्याशी जुने वण होते. असा काटेरी लगाम वापरण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केलेली आहे. घोडेवाल्याला मी हे सांगितले. तो रागावला नाही. म्हणाला, "साहेब, बँडसमोर, फटाक्यांत याशिवाय हा आवरत नाही. एखाद्याला लाथ बसली तर तुम्हीच मला धराल." तेही खोटे नव्हते. त्याच्या घरची चूल या एका घोड्यावर आणि लग्नाच्या चार महिन्यांवर चालते.

मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. घरात दोन तट पडले. थोरल्या वहिनी म्हणाल्या, नवरदेव पायी गेला तर व्याह्यांकडे काय तोंड दाखवायचे? भाऊ गप्प होते. नात कोणाशी वाद न घालता घोड्याजवळच उभी होती. शेवटी पुतण्यानेच फेटा सावरला आणि चपला घातल्या.

घोडेवाल्याला ठरलेली रक्कम पूर्ण दिली. साधी सळई चंद्रपुरात मिळेल काय, असे त्याने जाताना नातीला विचारले. तिने पुण्याहून पाठवते म्हणून त्याच्या घोड्याच्या तोंडाची रुंदी सुतळीने मोजून घेतली. वरात पायीच निघाली. मंडप दोनशे पावलांवर होता.