जागची सायकल, खरा वेग

पावसाळा लागला की सायकल बाहेर काढणं नको वाटतं. रस्ते निसरडे आणि खड्डे पाण्याखाली. म्हणून हल्ली पुष्कळ घरांतून मागचं चाक ट्रेनरवर चढवून सायकल हॉलमध्ये नाही तर गॅलरीत उभी केलेली दिसते. डब्यांची घाई सुरू होण्याआधीचा तो अर्धा तास आपला! पण घामाघूम होऊन उतरावं आणि मनगटावरच्या घड्याळात पाहावं, तर वेग शून्य. नाही तर भलताच काहीतरी. मग हिरमोड होतो आणि चार दिवसांत त्या सायकलीवर टॉवेल वाळू लागतात. मैत्रिणींनो, यात दोष तुमच्या पायांचा नसतो, मापाचा असतो. ते माप कसं नीट करायचं, ते पाहू.

रस्त्यावर हे घड्याळ उपग्रहांच्या मदतीनं, म्हणजे जीपीएसनं, तुम्ही किती पुढे सरकलात ते पाहतं. घरात सायकल जागची हलतच नाही, तर ते बिचारं काय मोजणार? म्हणून घड्याळात आधी घरातल्या सायकलिंगचा, म्हणजे ‘इनडोअर’चा प्रकार निवडा. त्यात जीपीएस बंद राहतं. मग वेग मोजायला चाकावर एक छोटा सेन्सर लावावा लागतो. तो मागच्या चाकावरच हवा बरं का! ट्रेनरवर पुढचं चाक फिरत नाही. काही ट्रेनरना मागचं चाक काढूनच सायकल जोडतात. त्यांत वेग ट्रेनरच घड्याळाला कळवतो, तिथं वेगळा सेन्सर नको.

आता मुख्य गोष्ट. सेन्सर फक्त चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात किती अंतर पडलं, हे घड्याळाला आपणच सांगायचं असतं. बाहेर गेल्यावर काही घड्याळं जीपीएसवरून हा घेर स्वतःच काढतात, घरात ते जमत नाही. ७००×२५ च्या टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर, तर २६×१.९५ च्या टायरचा २०५० च्या आसपास. दुसऱ्या सायकलीला पहिलीचा आकडा दिलात, तर ताशी २० किलोमीटरचे साडेवीस दिसतील आणि अर्ध्या तासात पाव किलोमीटरहून थोडं अधिक अंतर फुकटचं पदरात पडेल. उलट झालं, तर केलेली मेहनत कापली जाईल.

घेर घरीच मोजा. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरा, टायरवर आणि खाली फरशीवर खडूची खूण करा. सायकलीवर बसा, कुणाला तरी धरायला सांगा आणि सरळ रेषेत चाकाचे दोन पूर्ण फेरे पुढे न्या. टायरवरची खूण पुन्हा जमिनीला टेकली, की तिथं दुसरी खूण करा. मधलं अंतर मोजून दोननं भागा. शिवणकामाची टेप बहुधा १५० सेंटिमीटरचीच असते, तेव्हा सुताराची टेप बरी. आलेला आकडा मिलिमीटरमध्ये घड्याळाच्या सेन्सरच्या सेटिंगमध्ये भरा.

मग गणितासारखा ताळा करून पाहा. पुढच्या चक्राला ४२ दाते आणि मागच्याला २१ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे दोन. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलंत, तर चाकाचे १२० फेरे. घेर २०५० असेल, तर मिनिटाला २४६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४.८ किलोमीटर. घड्याळ याच्या जवळपास दाखवत असेल, तर निश्चिंत व्हा.

एवढं झालं तरी रोजची परिस्थिती सारखी हवी. हवा कमी असेल किंवा रोलर सैल असेल, तर टायर घसरतो, चाक हलकं फिरतं आणि वेग उगाच चढलेला दिसतो. म्हणून दर वेळी हवा तेवढीच ठेवा आणि रोलरचा नॉब तेवढेच आटे पिळा. म्हणजे या सोमवारचे १८ आणि पुढच्या सोमवारचे १९ यांत खरोखर तुमची प्रगती दिसेल.

मात्र या आकड्याची तुलना मुलाच्या रस्त्यावरच्या २६ शी करू नका. घरात समोरून वारा नाही, चढ नाही आणि ट्रेनरची ओढही वेगळी. त्या नादात जड गिअर टाकून गुडघे दुखवून घ्याल. तुलना करायची ती आपल्याच मागच्या आठवड्याशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी तारखेसमोर तो आकडा लिहून ठेवा.

आणि एक सांगायचं राहिलं. फिरत्या चाकात लहान मुलं बोटं घालतात, आपले पदर-ओढण्याही अडकतात. तेव्हा ओढणी बाजूला ठेवा, मूल दुसऱ्या खोलीत कुणाजवळ तरी द्या, आणि मगच पायडलवर पाय ठेवा.